पोटाखालची पट्टी

आमची जुनी गाडी वळणावर एका बाजूला कलू लागली, तेव्हा ह्यांनी स्वतःच निदान केलं : सांगाडा सैल झालाय. सांगाडा आवळून धरायला गाडीच्या पोटाखाली बसवायची लोखंडी पट्टी मागवली आणि तिचं कौतुक ऐकवून आठवडाभर माझे कान किटवले. "आधी मेकॅनिकला विचारा," मी म्हटलं. पण ह्यांना माझा सल्ला पटतो तो परक्याच्या तोंडून आला तरच.

पट्टी बसवायला गाडी नेली, तेव्हा मेकॅनिकने एक चाक जॅकवर उचललं आणि दार उघडून लावलं. ते अलगद लागलं.

"सांगाडा वाकत असता तर दार अडलं असतं," तो म्हणाला. "चाकांजवळची रबरं गेलीत, ती बदलतो."

सांगाडा ठणठणीत आहे हे ऐकून ह्यांचा चेहरा एवढासा झाला. "तरी पट्टी बसवाच!"

संध्याकाळी गाडी आणायला गेलो. हे गाडीभोवती फिरत असताना मेकॅनिक मला हळूच म्हणाला, "वहिनी, नुसती रबरं बदललीत. पट्टी डिकीत आहे. त्यांना आधी चालवून बघू द्या, मग हवी तर बसवू."

परतताना पहिल्याच वळणावर ह्यांची छाती फुगली. "बघितलंस? जरा म्हणून कलली नाही! ही पट्टीची करामत!" घर येईपर्यंत पट्टीपुराण चाललं.

गाडी दारात थांबली.

"आता तरी मान्य कर," हे म्हणाले.

"केलं," मी म्हटलं. "आता तेवढी डिकी उघडा."