सासऱ्यांच्या पसंतीचं कार्ड

सूनबाईंचं तिसरं शीटही वाया गेलं तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

चार वाजता नर्सिंग कॉलेजच्या मेट्रनबाई नमुना बघायला येणार होत्या. दोनशे प्रमाणपत्रं, प्रत्येकावर सोनेरी फॉइलमध्ये कॉलेजचं चिन्ह आणि खाली मुलीचं नाव. नमुना पसंत पडला तर हे काम तिचं, आणि पुढच्या वर्षीचंही तिचंच. नाही पडला तर सोमवारपासून पुन्हा विमा कंपनीतली तीच खुर्ची आणि समोर तोच साहेब. साहेबानं जागा आजच्या दिवसापुरतीच धरून ठेवली होती. त्या माणसाचं तोंड पुन्हा रोज बघायचं, या नुसत्या कल्पनेनं दोन दिवस तिला जेवण गोड लागत नव्हतं.

यंत्र तसं लहानसंच, जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मावणारं. एरवी ते कागद कापतं. पण पात्याच्या जागी विजेवर तापणारं पेन बसवलं, कागदावर फॉइल ताणून चिकटवलं, की ते पेन ज्या रेषेवरून फिरेल तिथे सोनं कागदाला धरतं. धरतं म्हणजे धरायला हवं. इथे तीन शीटं झाली, तिन्हींवर रेषा तुटक. चिन्हातल्या दिव्याची ज्योत तर अशी दिसत होती की कुणी उंदरानं कुरतडली असावी.

"यंत्रात खोट आहे," सासरे म्हणाले. ते शेजारच्या खुर्चीत बसून सगळं बघत होते.

सासऱ्यांचं कागदाचं दुकान होतं, चाळीस वर्षं. डोळे मिटून बोट फिरवायचे आणि कागद कुठल्या गिरणीचा, किती वजनाचा, उलटा कुठला, सुलटा कुठला, सगळं सांगून मोकळे व्हायचे. गेल्या वर्षी गुडघे धरले म्हणून दुकान बंद केलं. म्हणूनच व्यापाऱ्यानं कार्डांचे नमुने पाठवले तेव्हा तिने सगळे त्यांच्यापुढे ठेवले होते. त्यांनी हे जाडजूड, साईच्या रंगाचं कार्ड उचललं, वरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "याला म्हणतात कार्ड. लोणी आहे लोणी." तिने स्वतः आणलेलं पांढरं कार्डही तिथेच होतं. त्याच्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. चपलांच्या खोक्याला लाव म्हणाले.

आता खरं सांगायचं तर त्या लोण्यावरून बोट फिरवताना तिलाही कुठेतरी बारीक खरखर लागली होती. अगदी बारीक, बघायला गेलं तर दिसणारही नाही अशी. पण आपण दोन महिन्यांच्या कारागीर आणि ते चाळीस वर्षांचे. तिने ब्र काढला नाही. आणि व्यापाऱ्याकडून शीटं मोजून सहा आलेली.

चौथ्याला तिने उष्णता वाढवली, फॉइल चारही बाजूंनी पुन्हा ताणून बसवलं, पेनाचा वेग निम्म्यावर आणला. यंत्र कुरकुरत फिरलं. तिने श्वास रोखून फॉइलचा कोपरा उचलला. रेषा तुटकच.

"मी म्हणतो ना, यंत्रात..."

"बाबा, खोट कागदातही असू शकते," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढला.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "चाळीस वर्षं मी काय गवत उपटलं?"

 तिच्या मनात एक वाईट विचार आला, आणि आला तो लवकर जाईना. तिने नोकरी सोडली ते यांना पटलं नव्हतंच. नवरा कामानिमित्त बाहेरगावी, घरात ही दोघंच, आणि दोन महिने रोज सकाळच्या चहाबरोबर "पक्की नोकरी होती" हे ऐकावं लागत होतं. मुद्दाम तर नसेल दिलं असलं कार्ड? आपल्याच सासऱ्यांबद्दल असं मनात यावं याची तिला लाज वाटली, आणि रागही जाईना. तिने पाचवं शीट यंत्राच्या चिकट मॅटवर दाबून बसवलं.

अर्ध्या वाटेवर फॉइलला सुरकुती पडली. तिने यंत्र थांबवलं.

"सरक, मी ताणून धरतो," म्हणत सासऱ्यांनी हात आत घातला.

"थांबा बाबा, पेन तापलंय."

"माहितीये मला. कागद कसा धरायचा हे मला शिकवतेस का? हे बघ, असा अंगठा इथे, आणि हे बोट इकडून..."

ते बोट पेनाच्या टोकाला टेकलेलं होतं. तिला आधी वाटलं, जवळ आहे, टेकलं नसेल. मग वास आला. केस जळाल्यासारखा. आणि सासरे बोलतच होते, कागदाला कसं जपायचं, घाई कशी करायची नाही. तिने त्यांचं मनगट धरून हात ओढून बाहेर काढला.

बोटाच्या पेरावर पांढरा चट्टा होता. बघता बघता तो लाल व्हायला लागला. सासरे त्याच्याकडे बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाचं बोट त्यांच्या हाताला लागलं होतं.

तिने त्यांना ओढत नळाखाली नेलं. पाणी वाहत होतं आणि दोघंही त्या पाण्याकडेच बघत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झालं वर्षभर."

"म्हणजे दुकान..."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय," ते हळूच म्हणाले. "गिऱ्हाइकाला मी गुळगुळीत आर्ट पेपर म्हणून साधा कागद बांधून दिला. त्यानं परत आणला तेव्हा कळलं. दोनदा झालं, तेव्हा कुलूप लावलं. कुणाला सांगू नकोस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मघाचा तो विचार तिला आता चटका देत होता. पण रडायला सवड कुठली? दारावरची बेल वाजली. चाराला दहा मिनिटं कमी होती, आणि मेट्रनबाई वेळेच्या आधी येणाऱ्यांतल्या होत्या.

तिने खराब शीटं फाइलखाली सरकवली. सासऱ्यांनी ओला हात खिशात घातला.

मेट्रनबाई खुर्चीत बसल्याच नाहीत. टेबलावरचं उरलेलं कोरं सहावं शीट त्यांनी उचललं, उजेडात धरलं. "वा. काका, हे तुम्ही काढलंत?"

सासऱ्यांनी मान हलवली. धड हो नाही, धड नाही नाही.

"मग मी काय बघायचं? वीस वर्षं तुमच्याकडून कागद नेला, कधी दगा नाही." त्यांनी पर्समधून पेन काढलं. "नमुना राहू दे. द्या ऑर्डरचा कागद, सही करते. हेच कार्ड धरा."

सूनबाईंना वाटलं, तोंड मिटून सही घ्यावी. काम तर पदरात पडेल, पुढचं पुढे बघता येईल. पण मग दोनशे मुलींच्या हातात ती कुरतडलेली ज्योत जाणार. आणि नाही म्हणावं तर लगेच पुढचा प्रश्न येणार, की काकांनी चुकीचं कार्ड कसं काढलं? तिने सासऱ्यांकडे बघितलं. त्यांची नजर जमिनीला खिळली होती.

"मॅडम, हे कार्ड नको," ती म्हणाली. "चूक माझी झाली. बाबांनी वेगळं सांगितलं होतं, मी मागवताना गोंधळ केला."

मेट्रनबाईंच्या भुवया वर गेल्या. "दोनशे नावं आहेत हो. तिथेही असाच गोंधळ केलात तर?" पेनाचं टोपण लागलं आणि पेन पर्सकडे निघालं.

"खोटं बोलतेय ती," सासरे म्हणाले.

 सासऱ्यांनी खिशातून हात काढून टेबलावर ठेवला, भाजलेलं बोट वर करून.

"कार्ड मीच निवडलं. ते खरखरीत आहे, फॉइल धरत नाही, आणि मला ते कळलं नाही. माझ्या बोटांना आता काही लागत नाही. कागदाचं काय ते इथून पुढे हिला विचारा."

एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला असेल कुणास ठाऊक, पण मेट्रनबाई शेवटपर्यंत थांबल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "बरं," त्या तिला म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

तिने ते चपलांच्या खोक्याचं पांढरं कार्ड काढलं. ते दिसायला साधं आहे, जाडीला कमी आहे, पण अंगानं सपाट आहे, आणि फॉइलला सपाट अंगच लागतं, असं तिने सांगितलं. फॉइल तिने नीट ताणलं. यंत्र सहा मिनिटं फिरलं. मॅट बाहेर काढण्याआधी तिने कोपरा उचलून बघितला, कारण एकदा मॅट बाहेर आली की पुन्हा त्याच जागी बसत नाही. रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग होती.

मेट्रनबाईंनी ज्योतीवरून अंगठा फिरवला, सही केली, नावांची यादी सोमवारी पाठवते म्हणाल्या. दारात वळून त्यांनी सासऱ्यांना दटावलं, "आणि काका, उद्या सकाळी उपाशीपोटी आमच्या दवाखान्यात यायचं. साखर तपासायची आहे. चालढकल चालणार नाही."

दार लागलं. सूनबाईंनी आनंदानं नाचायला हवं होतं. आनंद झालाही होता, नाही असं नाही. तिने कपाटातून मलम आणलं आणि सासऱ्यांसमोर स्टुलावर बसली.

सासऱ्यांनी चष्मा काढून ठेवला होता आणि तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. त्यांचं बोट हातात घेऊन ती मलम लावत राहिली, आधी चट्ट्याच्या कडेनं, मग मधोमध, दुखेल म्हणून अगदी हलक्या हातानं.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "लाव ना. कशाची वाट बघतेस?"