पाच वर्षांच्या मुलीचं साधारण माप

काकूंना 'मी' म्हणायची सवयच नव्हती. डोकं ठणकत असलं तर त्या म्हणायच्या, "अशा हवेत माणसाचं डोकं दुखायचंच." भूक लागली तर, "दोन वाजले की पोटात कावळे ओरडणारच." नवरा गेला तेव्हा समाचाराला आलेल्या बायकांना त्यांनीच उलट समजावलं होतं, "आलेला माणूस जाणारच. रडून का कोणी माघारी येतं?" बायका मनातून जरा हिरमुसल्याच. आपण धीर द्यायला जावं आणि दुःखातल्या माणसानंच आपल्याला पाणी विचारावं, म्हणजे जाण्याचा उपयोग काय!

दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. एक खोली, एक मशीन, कापायचं टेबल आणि दारामागे उभा आरसा. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाला नवं अस्तर लावणं, असली कामं. एखादं गिऱ्हाईक आरशासमोर श्वास रोखून म्हणायचं, "गेल्या वर्षी होत होती हो ही पँट." काकू तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायच्या, "कापड आटतंच." गिऱ्हाईक खूश होऊन श्वास सोडायचं. सगळ्या जगाला एका वाक्यात गुंडाळायची ही हातोटी अशी उपयोगाची होती, त्यामुळे तिच्यात काही खोट आहे असं काकूंना कधी वाटलंच नाही.

अशा या काकू एकसष्टाव्या वर्षी कोरियन शिकत होत्या.

त्यांची एकुलती एक मुलगी सात वर्षांपूर्वी तिकडे एका प्रयोगशाळेत नोकरीला गेली, तिथल्याच एका मुलाशी लग्न करून बसली आणि आता तिला पाच वर्षांची मुलगी होती. काकूंची चिमी. चिमीला बापाची भाषा यायची, आईची यायची नाही. दिवसभर पाळणाघरात, संध्याकाळी बापाकडे, आई घरी येते तोवर पोरगी पेंगलेली. मराठी शिरणार कुठून? दर रविवारी दुपारी मुलगी फोन लावायची. चिमी पडद्यावर यायची, हात हलवायची. काकू तीन मिनिटं बोलायच्या आणि मुलगी त्याचं तीन शब्दांत भाषांतर करायची.

"अगं, एवढंच सांगितलंस? म्हटलं काय, फ्रॉकच्या शिवणीत दोन बोटं माया सोडलीय, उंच झालीस की उसवून मोठा करता येईल, आणि खिसा मुद्दाम खोल ठेवलाय, दगडगोटे गोळा करायला..."

"सांगितलं, आई."

"काय सांगितलंस?"

"फ्रॉक छान आहे म्हणून."

मुलीचंही काही चूक नव्हतं. आठवडाभर राबून रविवारी धुण्याच्या घड्या घालता घालता किती भाषांतर करावं माणसानं! पण काकू फोन ठेवायच्या तेव्हा न पोचलेली सगळी वाक्यं त्यांच्याचकडे उरलेली असायची. त्यांना एकच हवं होतं. मध्ये कोणी न बसता, एकदा, या पोरीशी आपल्या तोंडानं बोलायचं. वय कुणासाठी थांबतंय? आणि पोरगी तर दर रविवारी थोडी आणखी मोठी होऊन पडद्यावर यायची.

फ्रॉकचीही तीच गत. वर्षाला दोन फ्रॉक त्या शिवून धाडायच्या, पण पोरीच्या अंगाला त्यांची टेप कधी लागली नव्हती. मशीनच्या वर भिंतीवर मापांचा एक जुना तक्ता होता. वय पाच: छाती तेवीस, लांबी चोवीस. जगातल्या सगळ्या पाच वर्षांच्या मुलींचं साधारण माप. त्यावरून त्या कापायच्या. "बसला का गं?" विचारलं की मुलगी म्हणायची, "बसतो." पडद्यावर मात्र फ्रॉकचा खांदा पोरीच्या दंडावर उतरलेला त्यांना दिसायचा. शिंपिणीच्या नजरेतून खांदा सुटत नाही. पण त्या काही बोलायच्या नाहीत.

भाषेचा क्लास चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम तिकडे सहा वर्षं राहून आलेल्या, काकूंच्या मुलीपेक्षाही लहान, आणि कडक. रोजच्या बोलण्याची बॅच सकाळी असायची. सकाळी काकूंचं दुकान. शनिवारी संध्याकाळी जी बॅच असायची ती मोठ्या परीक्षेची. तिथे बसायचे शिष्यवृत्ती मागणारे, नोकरीसाठी दाखला हवा असलेले. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "काकू, इथे मी निबंध शिकवते. 'जेवलीस का, झोपलीस का' नाही."

"भाषा ती भाषाच," काकू म्हणाल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

अक्षरं त्यांनी महिनाभरात उचलली. रेघ आणि गोल, रेघ आणि गोल. काजं-बटणं करणाऱ्या बाईला त्यात काय अवघड! शब्द मात्र डोक्यात टिकता टिकेनात. दीड वर्ष त्या मशीनच्या टेबलावर वही उघडी ठेवून टिपा मारत होत्या. कितीतरी पँटींना तेवढ्यात वाकडी टीप पडली आणि उसवावी लागली.

मग एका शनिवारी मॅडमनी फळ्यावर एक रेघ मारली आणि म्हणाल्या, "आता निबंधाचा कणा. निबंधात तुमचं घरचं गाऱ्हाणं चालत नाही. 'मी', 'माझं' दिसलं की मी लाल गोल करणार. सगळ्यांना लागू पडेल असं विधान करायचं. त्याचे साचे असतात." आणि त्यांनी साचे लिहिले. वाक्याच्या शेवटी 'गी मार्यनिदा' लावलं की अर्थ होतो, असं होणारच. 'नन पबिदा' म्हणजे असा नियमच आहे. 'नन क्यंगह्यांगी इत्ता' म्हणजे सहसा तिकडे कल असतो.

बाकीची पोरं डोकं खाजवत होती. एकानं लिहिलं, 'मला मोबाइल आवडतो.' लाल गोल. एकीनं लिहिलं, 'माझे बाबा रागीट आहेत.' लाल गोल. काकूंनी मात्र वही पुढे ओढली. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? नवी वस्तू जुनी होणारच. अति केलं की माती होते, असा नियमच आहे. दूर गेलेलं माणूस सहसा कमी बोलतं. पाठोपाठ अशी अकरा वाक्यं त्यांनी उतरवली. शब्द शब्दकोशातले, क्रियापदं थोडी लंगडी, पण साचा कुठे म्हणून चुकला नाही.

मॅडमनी वही वाचली आणि चष्मा काढला. "काकू, हे मी दर वर्षी ओरडून सांगते तरी कुणाला जमत नाही. तुम्हाला कसं जमलं?"

"वय झालं की जमतंच."

त्या दिवसापासून मागच्या बाकाचा भाव वधारला. पोरं निबंध घेऊन काकूंकडे यायला लागली. पुढे परीक्षेच्या सरावाला विषय आला, दूर राहणाऱ्या कुटुंबांनी नातं कसं टिकवावं. काकूंनी चौकटीच्या कागदावर पानभर लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, 'आज्यांना नातवंडांची ओढ लागणारच.' पानात एकही लाल गोल नव्हता. पहिल्या वाक्यापाशी तर मॅडमनी ठसठशीत बरोबरची खूण केली होती.

"काकू," मॅडमनी कागद परत देताना हळूच विचारलं, "तिकडे कोण आहे तुमचं?"

"प्रत्येकाचं कुठे ना कुठे कोणी असतंच," काकू म्हणाल्या आणि जिन्यावरून खाली उतरल्या.

उतरताना त्यांच्या पायात जरा जोर आला होता. त्यांच्याकडे आता एक वाक्य होतं. चिमीला म्हणायचं वाक्य. तपासलेलं, लाल पेनानं पास केलेलं. शिंपी जसा साच्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, तसं काकूंनी ठरवलं, आपल्या मनानं जुळवून काही बोलायचं नाही, हेच बोलायचं. रात्रभर ते त्यांनी घोकलं.

रविवारी फोन आला तेव्हा टेबलावर नव्या फ्रॉकचं कापड पसरलेलं होतं. पिवळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. तक्त्यावरून खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या. वय सहा, छाती चोवीस. पडद्यावर चिमी आली, समोरचा एक दात पडलेला. मागे मुलगी धुण्याच्या ढिगासमोर बसली होती.

काकूंनी गळ्यातली टेप सारखी केली, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "हाल्मोनीनन सोन्जुरल करिवोहागी मार्यनिदा." आज्यांना नातवंडांची ओढ लागणारच.

मुलीच्या हातातली चादर हातातच राहिली. चिमीनं आ वासला, मग खिदळत आईकडे वळून काहीतरी ओरडली.

"ती काय म्हणाली?"

"म्हणते..." मुलीनं चादर खाली ठेवली. "म्हणते, आजी टीव्हीवरच्या बातम्या सांगतेय. आई, हे तू... तू शिकलीस कधी?"

"शिकलं की येतंच," काकू म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला. दीड वर्ष! दीड वर्षाच्या वाकड्या टिपा, आणि पोरीला हसू आलं. उसवून टाकावं असं वाटलं सगळं.

एवढ्यात चिमी परत वळली. हसणं थांबलं होतं. एक डोळा पडद्याला चिकटेल इतकी जवळ येऊन तिनं विचारलं, "ओनु हाल्मोनी?"

मुलीनं सवयीनं भाषांतरासाठी तोंड उघडलं. काकूंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांना कळलं होतं. जन्मात पहिल्यांदा नातीचं वाक्य कुणाच्या मध्यस्थीशिवाय त्यांच्यापर्यंत आलं होतं. कुठली आजी?

पोरीनं काही वाकडं विचारलं नव्हतं. आज्यांना ओढ लागते, ठीक. पण कुठल्या आजीला? काकूंच्या डोक्यात साचे रांगेनं उभे राहिले, आणि एकातही याचं उत्तर नव्हतं. उत्तराचा शब्द त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. पुढे त्याला लाल गोल पडायला लागले. काकूंना तर गोल पडायचीही वेळ आली नव्हती.

"मी," त्या तिच्या भाषेत म्हणाल्या. मग आणखी एक शब्द आठवला. "खूप."

चिमीनं मान डोलावली, शंका फिटल्यासारखी. पडलेल्या दाताची जागा बोटानं दाखवली, आणि मग पोरांची जात, दुसरं काही आठवून पळाली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. मागे मुलगी एका मोज्याची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती.

"मला कधी म्हणाली नाहीस," ती म्हणाली.

"काय?"

"हेच. मी निघाले तेव्हा गाडीच्या दाराला हात लावून उभी होते, आई. वाट बघत होते. तू म्हणालीस, मुली जायच्याच असतात."

काकूंना आठवत होतं. आठवायला ते विसरलंय कोण! मुलीच्या कोटाच्या बाहीला एक दोरा लोंबत होता. तो त्यांनी दातानं तोडला होता आणि तेवढंच बोलल्या होत्या. पुढे चिमी झाली तेव्हा मुलीनं बोलावलं, "ये ना," तर त्या म्हणाल्या होत्या, "म्हाताऱ्या माणसानं आपल्या जागी राहावं, म्हणजे मान राहतो." त्यानंतर मुलीनं पुन्हा विचारलं नव्हतं.

"आईला मुलीची..." काकूंनी सुरुवात केली आणि वाक्य गिळलं. खूप वेळ टेपशी चाळा केला. "तो दोरा," त्या म्हणाल्या, "निळा होता. गाडी वळून गेली तरी मी तो तोंडातच ठेवला होता. संध्याकाळपर्यंत. थुंकवेना मला."

मुलगी मोजा तोंडावर धरून बसली.

"रडू नकोस," काकू म्हणाल्या, आणि स्वतः टेबलावरच्या पिवळ्या कापडानं डोळे पुसले. नवं कापड, आणि कधी कुणाला त्याला बोट लावू न देणारी बाई!

मुलगी नाक ओढत म्हणाली, "फ्रॉक बसत नाहीत तिला."

"माहीतय मला. खांदा उतरतो."

"एकही बसला नाही आजपर्यंत. बारकी आहे ती, तुझ्यासारखी. मी खोटं बोलायचे."

"मग माप सांग की." काकूंनी पेन्सिल उचलली. "टेप आहे का घरात? काखेखालून घे, सैल नको धरूस."

"मी नाही घेणार माप."

"म्हणजे?"

"तू येऊन घे."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. काकूंनी पेन्सिल खाली ठेवली.

"अगं, या वयात माणसांनी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मुलगीही थांबली होती, गाडीच्या दाराशी थांबली होती तशीच.

"येते," काकू म्हणाल्या. "मी येते."

फोन ठेवल्यावर त्यांनी फडकं घेतलं आणि कापडावरच्या खडूच्या रेघा एकेक करून पुसून टाकल्या. मग न कापलेलं कापड घडी घालून पिशवीत ठेवलं, आणि त्यावर गळ्यातली टेप काढून ठेवली.