गिलावा ओला आहे तोवर

मी भिंतीला अंगठा लावला. सकाळी गार आणि चिकट लागत होतं. आता नुसतं गार.

"आई, सुकतंय."

"भिंत घेतेय अजून रंग." आई शिडीवर उभी राहून समुद्रदेवीच्या केसांत आणखी एक बट काढत होती. उगाच! केस केव्हाच झालेले. नाक, ओठ, गालावरची लाली, सगळं झालेलं आणि एकदम झकास झालेलं. फक्त डोळ्यांच्या जागी दोन कोऱ्या खाचा.

बाळकुमच्या टॉवरमधला हा हॉल सोनलताईंचा. त्या इटलीला फिरायला गेलेल्या, तिथे पाचशे वर्षं जुन्या एका भिंतीवर त्यांनी ही बया बघितली. शिंपल्याच्या रथात उभी, रथाला डॉल्फिन जुंपलेले, वर ढगांत तीन पंखवाली पोरं तिच्यावर बाण ताणून. तश्शीच हवी म्हणाल्या. प्रिंट नको, हाताने, ओल्या चुन्यावर. (त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "काढा, पण हिला जरा पदर द्या." दिला.) आई एका देवळाच्या कामावर ओल्या चुन्याचं काम शिकलेली. तिच्या सरावाच्या फळीचा व्हिडिओ मी टाकलेला, तो बघून सोनलताईंचा फोन आला. म्हणजे दहावीत असून काम मी आणलं, म्हणा ना!

या कामाची अट एकच. गिलावा ओला आहे तोवर रंग आत मुरतो आणि भिंतीचाच होऊन जातो. सुकला की वरच राहतो, खडूसारखा बोटाला येतो. म्हणून झेपेल तेवढाच तुकडा लिंपायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. आजचा तुकडा चेहऱ्याचा, शेवटचा. उद्या वास्तुशांत. आज बिघडलं तर चेहरा छिन्नीने फोडायचा, आणि दुसरा करायला वेळच नाही. सोनलताई गोड आवाजात बोललेल्या, "नाहीच जमलं तर वरून वॉलपेपर लावू हं." आईची पहिली स्वतःची भिंत, वॉलपेपरच्या खाली!

आणि आई डोळ्यांना हात लावत नव्हती.

"डोळे शेवटी असतात, उत्तरा. गणपतीचे पण शेवटीच करतात."

"अगं, शाडू वाट बघतो! चुना नाही बघत!"

"काळुरामकाका येतायत."

तेच तर. माझ्या जन्माच्या आधीपासून आई डोंबिवलीत काळुरामकाकांच्या कारखान्यात गणपती रंगवते. पितांबर, सोंड, उंदीर सगळं तिचं. डोळ्यांची आखणी मात्र फक्त काकांची. ते ब्रश घेऊन बसले की पंखा बंद, रेडिओ बंद, सगळे चिडीचूप. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. आईने आजपर्यंत एक डोळा आखलेला नाही. इथेही डॉल्फिनचे आणि पंखवाल्या पोरांचे डोळे काकांनीच येऊन आखले. आखले ते सवयीने, गणपतीचे आखतात तसे, भक्ताकडे बघणारे. त्यामुळे तिन्ही पोरं बाण ताणतायत देवीवर आणि टक लावून बघतायत सोफ्याकडे.

फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"नंदा, शीळफाट्याला कंटेनर आडवा झालाय गं. रिक्षा हलतच नाहीये."

"या काका. थांबते मी," आई म्हणाली.

थांबते! मी परत अंगठा लावला. कपाळाच्या कडेला चुना पांढरट दिसायला लागलेला.

तेवढ्यात सोनलताई आल्या. "अगंबाई, किती घाम आलाय नंदाताई तुम्हाला!" आणि रिमोट दाबला. थंड हवेचा झोत सरळ भिंतीवर.

"बंद करा! एसी बंद करा!" मी एवढ्या जोरात ओरडले की त्यांच्या हातातून रिमोटच पडला. उचलून बंद केला मीच. पण कपाळावरचा पांढरा पट्टा भुवईपर्यंत उतरलेला.

"आई, आता नाही तर नाहीच."

तिने ब्रश काळ्या रंगात बुडवला, डोळ्याच्या खाचेपर्यंत नेला आणि तसाच मागे घेतला. परत नेला, परत हात मागे. आईचा! घाईच्या दिवसांत एका दमात शंभर सोंडा रंगवणारा हात! तेव्हा मला कळलं. रीतबीत काही नाही, ती घाबरलेली.

"उतर," मी म्हटलं. "मी काढते."

"तू?"

"मग काय झालं? फोटो आहे ना समोर."

ती खरंच उतरली. मी चढले, बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला. मला वाटत होतं जमेल, आईशप्पथ. ब्रश भिंतीपासून बोटभर राहिला असेल.

"कुठे लावतेयस बुबुळ?"

"मध्ये."

"मध्ये? म्हणजे ही पण सोफ्याकडे बघणार? नीट बघ तो फोटो. तिची मान कुठे वळलीय?" आणि एकदम, "खाली ये. आण तो ब्रश."

ती चढली. पहिला डोळा काढताना एकदा थांबली. सोनलताईंनी काही न कळता माझा हात पकडून ठेवलेला. एक डोळा झाला, किंचित मोठा. ती दुसऱ्याकडे वळली आणि दार वाजलं. काळुरामकाका, धापा टाकत, बगलेत ब्रशची गुंडाळी.

"नंदा, थांब गं, आलोय मी..."

"काका," आई मागे न बघता म्हणाली, "डोळ्यांचं काम चाललंय. बोलायचं नाही."

काका दारातच उभे राहिले. हळूच चपला काढल्या. कारखान्यात आम्ही उभे राहायचो तसेच, हाताची घडी घालून, गप्प.

आई उतरली. जरा वेळाने मी डोळ्याच्या काळ्या रेषेवर अलगद अंगठा टेकवला. अंगठ्याला काही आलं नाही, रंग मुरलेला.

काका भिंतीजवळ गेले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "आपल्याकडे बघतच नाही गं ही."

"तिच्यावर तीन बाण रोखलेत, काका," आई ब्रश पुसत म्हणाली. "ती कशाला आपल्याकडे बघत बसेल?"