गोधडीची सुलट बाजू

बॉबिनने आयुष्यात जे काही शिवलं, त्यात सगळ्यात मोठी होती ती गोधडी. आणि पूर्ण उलगडलेली, सुलट बाजूने, ती त्याने एकदाही पाहिली नव्हती.

त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण लहानपणी शिलाई मशीनच्या पायाशी सतत भिरभिरायचा म्हणून बापाने बॉबिन म्हटलं आणि तेच चिकटलं. दुकान बापाचं, मशीन बापाचं आणि फुटबॉलचं खूळही बापाचंच. क्लबच्या उत्तर स्टँडमधला कुणी जुना माणूस गेला की घरचे लोक त्याची जर्सी दुकानात आणून द्यायचे. बाप जर्सीच्या पाठीचा चौकोन कापायचा आणि एकमेकांना जोडत जायचा. पुढे बापच गेला, आणि बॉबिनने त्याचाही चौकोन मधोमध जोडला. हंगामाच्या पहिल्या मॅचला ही गोधडी स्टँडच्या वरच्या ओळीतून सोडायची आणि सगळ्यांनी हातांवर झेलत ती खाली न्यायची, अशी रीत होती. सुलट बाजू दिसायची समोरच्या स्टँडला. झेलणाऱ्यांना खालून नुसती उलट बाजू, शिवणी आणि लोंबणारे दोरे. पण आपापला माणूस जो तो उलटाही ओळखायचा. बापाचा चौकोन डोक्यावर आला की बॉबिनची आई हात वर करून कापडाला टेकवायची आणि म्हणायची, “आलास का रे बाबा? बस.”

मग क्लब विकला गेला.

कुणाला विकला, ते शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही. कुठल्याशा कंपनीची कंपनी, तिच्याही मागे एक कंपनी. त्यांनी स्टँडचं नाव विकलं. जर्सीची छाती विकली, पाठ विकली, बाही विकली. चड्डीचा मागचा भागसुद्धा विकला, आणि त्या जागेवर एका बँकेचं नाव आलं, ही त्यातल्या त्यात प्रामाणिक गोष्ट. खेळाडू काळ्या काचांच्या बसमधून यायचे आणि पोरं हात हलवत राहायची तरी पडदा सरकायचा नाही. गोल मारल्यावर एक जण जर्सीवरच्या बिल्ल्याचा मुका घ्यायचा. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या क्लबच्या बिल्ल्याचा मुका घेताना दिसला. ओठ तेच, चिकटपणा तोच. तिकीट इतकं चढलं की आईने यायचं सोडलं. ती दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलाशी स्टुलावर बसून रेडिओवर मॅच ऐकायची आणि मॅच संपली की रेडिओलाच शिव्या द्यायची.

“बाबा, माझी मॅच बघायला कधी येणार?” बॉबिनची मुलगी विचारायची. ती बस डेपोत मेकॅनिक होती आणि डेपोच्या संघाची गोलकीपर.

“शनिवारी आपली मॅच असते गं.”

“आपली?” ती ग्रीसचे हात पुसत म्हणायची. “त्यांना सांगितलंय का, की ती आपली आहे?”

बॉबिन तोंडात टाचण्या धरायचा, म्हणजे उत्तर द्यावं लागत नसे.

हंगाम तोंडावर आला तेव्हा क्लबचा मार्केटिंगवाला दुकानात आला. बूट इतके पांढरे, की कातरणांवर पाय ठेवायला तो घाबरत होता. सोबत भोंगा. भोंगा म्हणजे उत्तर स्टँडचा पुढारी. घोषणा त्याने सुरू करायच्या, बाकीच्यांनी ओढायच्या.

“दादा, तुमची ती चादर फार इमोशनल आहे,” मार्केटिंगवाला म्हणाला. “कस्टमरला कनेक्ट होते.”

“कस्टमर कोण?”

“तुम्हीच की!”

मुद्दा असा निघाला, की नवा प्रायोजक पैज लावायचं ॲप होतं. त्याच्या चिन्हाचा भलामोठा गोल कापडी शिक्का गोधडीच्या मधोमध लावायचा. लावला, तर बॉबिनच्या घराला तहहयात पास. नाही लावला, तर आगीच्या नियमांमुळे गोधडीला स्टेडियममध्ये मनाई.

“इतकी वर्षं आग लागली नाही ती?”

“नियम आत्ता लागलेत, दादा.”

“एक ठिगळ मारायला काय जातं तुझं?” भोंगा म्हणाला. “आईला घरी बसवून ठेवणार का कायमचं?”

हा घाव बरोबर जागी बसला. बॉबिन हो म्हणाला. आणि स्वतःची समजूत त्याने शिंप्यासारखीच घातली: जुनं उसवायचं नाही, शिक्का वरून लावायचा. खालून बघणाऱ्याला चौकोन दिसतीलच. आपण तर खालूनच बघतो.

शिक्का एवढा, की दुकानाच्या मशीनखाली जाईना. शाळेचा हॉल मागून तिथे कडा गुंडाळून गोधडीचा मधला भाग तेवढा अंथरला आणि त्यावर शिक्का पसरला. शेजारच्या पशुखाद्यवाल्याकडून पोती शिवायचं हातातलं मशीन आणलं आणि बॉबिन शिक्क्याच्या कडेने वाकून चालत, गुरगुर शिवत फिरला. आईने मोजे घालून कापड ताणून धरलं होतं. ती एका चौकोनाशी थांबली.

“पोस्टमन आहे ना रे हा?”

“हो.”

“पैजांपायी घर घालवून बसला होता. बायको-पोरं भावाकडे. आणि आता त्याच्याच तोंडावर हे?”

बॉबिनने मशीन चालूच ठेवलं. मोठा आवाज करणाऱ्या मशीनचा तेवढा फायदा असतो.

पहिल्या मॅचला दोघं आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. आईने केस नीट विंचरले होते. गोधडी वरून सुटली, हातांवरून सरकत आली आणि डोक्यावर अंधारली. आईने हात वर केला. बापाची जागा तीच होती, पण कापड दुप्पट झाल्यामुळे जड लागत होतं आणि उजेड मुळीच येत नव्हता.

“आलास का रे?” आई म्हणाली. मग तिने बोटं मागे घेतली. “रबरासारखं लागतंय हे.”

दर वर्षी गोधडी खेळाडू मैदानात येईपर्यंत राहायची, मग गुंडाळायची. या वर्षी दोन्ही कडांना क्लबचे गार्ड उभे होते.

“खाली घ्या आता!” कुणीतरी ओरडलं.

“टीव्हीवाल्यांचा इशारा आल्याशिवाय नाही,” गार्ड म्हणाला. “जाहिरात चालू आहे.”

शिट्टी वाजली. खेळ सुरू झाला. वरती उत्तर स्टँड झाकलेला, आणि खाली माणसं गोण्यांतल्या बटाट्यांसारखी घामात उभी. बुटांनी चेंडू मारल्याचे ठप्प ठप्प आवाज येत होते. एकदम समोरचा स्टँड गरजला. गोल! पत्रे हादरले.

“कोणी मारला?” आईने विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. आपल्यावर झाला की आपण केला, तेही नाही. भोंग्यालासुद्धा कळेना नाचायचं की रडायचं.

“एवढे केस विंचरून मी इथे पांघरूण घेऊन झोपायला आले का रे?” आईचा आवाज त्या अंधारात खणखणीत वाजला. आजूबाजूचे हसले. मग हसणं थांबलं, कारण ते अगदी खरं होतं. आपण बघायला आलोच नव्हतो. आपण शिक्का धरायला आलो होतो. खांब परवडत नव्हते, म्हणून माणसं. आणि खांबांनी वर तिकिटं काढलेली!

बॉबिनने मान वर केली. ही शिवण त्याचीच होती. त्याने हाताने डोक्यावरचं कापड चाचपलं. शिवण सापडली, मग तिचं टोक. पोत्याचा टाका. आणि त्या क्षणी त्याला आठवलं की पोतं उघडताना कुणी कात्री घेत नाही. बरोबर टोक धरून ओढलं की टाक्यांची साखळी सरसर सुटत जाते, तोंडापर्यंत.

त्याने गाठ दातांनी तोडली आणि दोरा ओढला.

सर्रर्र.

“हा धर,” त्याने पलीकडच्याला दोरा दिला. “ओढ आणि पुढे दे. थांबायचं नाही.”

“काय आहे?”

“पोतं उघडतोय.”

सगळ्यांनी जन्मात कधी ना कधी पोतं उघडलेलं असतं. दोरा हातोहात ओळीओळींतून गोल फिरला, टाके तडतडत सुटले. भोंग्याजवळ दोरा आला तेव्हा तो क्षणभर बघत राहिला. त्याच्या थोरल्या भावाचा चौकोनही त्या शिक्क्याखालीच होता. मग त्याने हाताला वेढे घेतले आणि असा ओढला की मागचे दोघं कोलमडले.

“ढकला रे वर! ढकला!”

गोधडीला खालून धक्के बसले. सुटलेला शिक्का घसरला, उतारावरून गडगडला आणि थेट गार्डांच्या डोक्यावर पडला. गोधडीतून उजेड झिरपला. समोरचा स्टँड टाळ्या वाजवत उभा राहिला. त्यात प्रतिस्पर्धी क्लबचे लोकही होते. आईने पुन्हा हात वर केला.

“हां,” ती म्हणाली. “आता आलास.”

क्लबने त्याच दिवशी त्यांना बाहेर काढलं, पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं बजावून. पास तिथल्या तिथे काढून घेतले. गोधडी कचऱ्याच्या डब्यांशी फेकली होती. बॉबिन, आई आणि भोंगा तिच्यावरच बसून राहिले.

“मग? आता काय करायचं शनिवारी?” भोंगा विचारत होता. घोषणा देणारा आवाज अगदी बारीक झाला होता.

“डेपोवर जाऊ,” बॉबिन म्हणाला. “माझ्या पोरीची मॅच असते.”

“तिकीट?”

“तिथे कुणी तिकीट मागितलं तर ती पान्हा घेऊन मागे लागेल.”

डेपोमागच्या मैदानाला स्टँड नव्हता, नुसती एका गोलमागे लांबलचक उंच भिंत. मुलीने आणि तिच्या सोबतिणींनी बसच्या टपावर चढून गोधडी भिंतीला टांगली. झेलायला कुणी नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच सुलट बाजू आपल्याकडे आली. उत्तर स्टँडमधले बरेच जण आले होते, घडीच्या खुर्च्या घेऊन.  जो तो आपापला माणूस शोधत होता. आईला बापाचा चौकोन सापडला तेव्हा ती बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिली.

“हा एवढा हिरवा होता? खालून कधी कळलंच नाही बघ.”

खेळ सुरू झाला. डेपोच्या मुली चिखलात लोळत, एकमेकींना शिव्या देत खेळत होत्या. पडलेल्या प्रतिस्पर्धी मुलीला हात देऊन उठवत होत्या आणि लगेच पुन्हा पाडत होत्या. भोंग्याने घसा खाकरला. कुणाचं नाव घ्यायचं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने मुलींनाच विचारून घेतलं आणि सुरुवात केली.

समोरच्या फॉरवर्डने चेंडू हाणला. तो मुलीच्या हातांवरून, गोलच्याही वरून गेला आणि भिंतीवर आपटला, थेट बापाच्या चौकोनावर. तिथून उसळून तो परत मैदानात आला.

बाप जन्मभर बघ्या होता. चेंडूला त्याने कधी पाय लावला नव्हता.

आई खुर्चीतून उठली. “अडवला!” ती ओरडली. “मेल्याने अखेर एक तरी अडवला!”

“आजी, तो तसाही बाहेर होता,” मुलगी गोलमधून ओरडली.

“तू गप गं! तू पुढचा अडव.”