घसा माझा बसला, राजीनामा त्यांनी दिला

बोलणं हाच माझा धंदा, पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय. मी मोटारीतला स्पीकर. चालकाच्या बाजूच्या दारात, गुडघ्याच्या उंचीवर, जाळीमागे माझं घर होतं. चौघा स्पीकरांतला मी सर्वांत लाडका, आणि लाडक्यांचं जे होतं तेच माझं झालं.

कागदाचा ताणलेला पडदा, त्याच्या कडेला फोमची मऊ झालर, मागे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि पाठीशी भक्कम चुंबक, असा मी कारखान्यातून बाहेर पडलो. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'कडक उन्हापासून व ओलाव्यापासून जपा.' मालकांनी ते खोकं त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं. वाचायचं काम ते फक्त पगार घेऊनच करत.

कारण मालक रेडिओवर निवेदक होते. रोज संध्याकाळी तासभर श्रोत्यांची पत्रं वाचायचे, बावीस वर्षं. आवाज असा की त्यांनी विजेचं बिल वाचलं तरी लोकांनी डोळे पुसावेत. हे त्यांनाही ठाऊक होतं. कार्यक्रम झाला की तो पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना गाडीत ऐकायचा, हा त्यांचा नेम. आपला आवाज आपल्याच कानाशी यावा म्हणून बाकीच्या तिघांना गप्प बसवून सगळा भार माझ्यावर टाकलेला.

रेडिओ केंद्राबाहेर झाडाची छान सावली होती. पण झाडावर पक्षी, आणि पक्ष्यांमुळे गाडी घाण होते. म्हणून गाडी दिवसभर उन्हात, काचा गच्च बंद. आत एवढं तापायचं की मालक सीटवर रुमाल टाकून बसायचे. माझ्यावर कोण रुमाल टाकणार? झालर वाळून कडक झाली, गोंद सुटू लागला. मग थंडी आली. सकाळी काचांवर दव गोठलेलं, मी आखडून लाकूड झालेलो, आणि मालकांनी बटण एकदम शेवटपर्यंत फिरवलं. माणसं उठल्यावर आधी घसा खाकरतात. मला ती सोय नाही. झालरीला पहिली चीर त्या सकाळी पडली.

उरलंसुरलं पाण्याने केलं. काच दुरुस्त करताना कुणीतरी दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद फाडला होता. काचेवरून ओघळणारं पाणी माझ्यापर्यंत येऊ न देणं हे त्या कागदाचं काम. तो पुन्हा चिकटवायचा असतो, पण 'चालतंय हो' म्हणून दार बंद झालं. त्यानंतर दर रविवारी मालक पाइप लावून गाडी धुवायचे आणि मला आंघोळ घालायचे. माझा पडदा कागदाचाच. भिजला, फुगला, सुरकुतला. तारेच्या टोकांना गंज चढला.

एके दिवशी माझ्यातून मालकांचा आवाज आला तो फाटका, घोगरा. त्यांनी गाडी रस्त्याकडेला घेतली. तेच वाक्य तीनदा ऐकलं.

"गेला," ते म्हणाले. "आवाज गेला."

स्पीकर गेला असेल हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, गळ्याला मफलर आला. घशाच्या डॉक्टरांकडून परतताना ते स्टिअरिंगलाच सांगत होते, "म्हणे घसा ठणठणीत आहे. मन राखतोय माझं."

एका सकाळी निघताना त्यांच्या पत्नी खिडकीशी वाकल्या. "अहो, मी रोज घरी रेडिओवर ऐकते. तसूभरही फरक नाही."

"तू बायको आहेस. तू दुसरं काय म्हणणार?"

"बायको दुसरंही बरंच म्हणते. तुम्ही ऐकत नाही."

खरं काय ते मला माहीत होतं. पण आत जे येईल तेच बाहेर सोडायचं, हा माझा जन्मजात दोष. पुढच्या आठवड्यात त्यांनी गाडीत बसून राजीनाम्याचं पत्र मोठ्याने वाचून पाहिलं. 'ज्या आवाजावर आपण प्रेम केलंत, तो आता उरला नाही.' वाचताना त्यांचा गळा दाटला, तर तोही त्यांनी पुरावा म्हणून जमेस धरला.

त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं नवरा-बायको गाडीतून कुठेसे निघाले होते. "बघू तरी," म्हणत मालकांनी रेडिओ लावला. मी त्या मुलीचं बोलणं इमानेइतबारे खरखरत ऐकवलं.

पत्नी जरा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिचाही आवाज गेला का हो? कालच तर कामाला लागली."

मालकांनी हळूच आवाज मागच्या स्पीकरांकडे वळवला. मुलगी घंटेसारखी स्वच्छ बोलू लागली. मालकांनी गळ्यातला मफलर सोडला. पत्नींनी तो घडी घालून मांडीवर ठेवला.

मग गाडी मिस्त्रीकडे गेली. त्याने दार खोललं तेव्हा आतून पाणी गळलं. "किती दिवस असा वाजतोय?"

"वर्ष झालं असेल."

"मग आणला का नाही साहेब?"

"मला वाटलं, माझाच घसा आहे."

मिस्त्री हसला नाही. स्क्रू सोडवत एवढंच म्हणाला, "कुणाला तरी विचारायचं होतं."

संध्याकाळचा तास काही परत मिळाला नाही. श्रोत्यांना ती मुलगी आवडली होती. मालकांना सकाळचं हवामान वाचायला दिलं, तीन मिनिटांचं. त्यांनी ते घेतलं.

मी आता मिस्त्रीच्या टेबलावर पालथा पडलोय. कागद फाटून गेला, चुंबक तेवढं शाबूत. खाली सांडलेले स्क्रू गोळा करायला तो मला वापरतो. सकाळी दुकान उघडलं की तो फळीवरचा जुना रेडिओ लावतो, आणि कुणीतरी आजचं तापमान आणि हवेतला ओलावा सांगू लागतं. इतकी वर्षं मी त्यांचा आवाज नुसता काढला. ऐकला तो इथे, पहिल्यांदा. सुरेख आहे हो. कुठे चीर नाही, खरखर नाही.

तेव्हा मंडळी, गाडी सावलीत लावा. पक्ष्यांचं काय ते पुसता येतं.