सगळ्यांनाच कमी पडते

“माझ्या सुनेने आज कहर केला! भर कचेरीत नवऱ्याचा कॉम्प्युटर उघडला, त्याच्या पोटातली पट्टी उपटली, खिशात घातली आणि चालती झाली. ‘अहो’ नाही की ‘काहो’ नाही! याला काय म्हणायचं?”

मंडळी, सासूने सुनेची तक्रार करावी यात नवल ते काय? पण ही सासू म्हणजे आत्याबाई. दाखले देणाऱ्या त्या कचेरीचं कॅन्टीन त्या बावीस वर्षं चालवत होत्या. शिक्षण चौथी, तीही काठावर. पण साहेबापासून शिपायापर्यंत कोणाला किती साखर लागते आणि कोण किती काम करतो, हे त्यांना तोंडपाठ. मुलगा त्याच कचेरीत नियोजन विभागाचा प्रमुख, आणि सून सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल करणारी. दोघं एका छपराखाली कामाला म्हणून आत्याबाईंची मान नेहमी दोन बोटं वरच असायची. आज ती खाली गेली होती.

कॅन्टीनमधल्या सगळ्यांना ही तक्रार ऐकवून झाली होती. मुलगा समोर गाल फुगवून बसला होता. “आई, सगळे हसतात गं मला. म्हणतात, बायकोने वजन कमी केलं तुझ्या कॉम्प्युटरचं. तूच सांग तिला काहीतरी.”

“सांगते ना! चांगली कानउघाडणीच करते.” आत्याबाईंनी पदर खोचला आणि जिना चढल्या.

कॉम्प्युटरच्या खोलीत सूनबाई जमिनीवर फतकल मारून बसली होती. भोवती उघडे डबे, स्क्रू, तारा. हातात बोटापेक्षा जरा लांब अशी हिरवी पट्टी.

“काय गं, नवराच सापडला तुला चारचौघांत शोभा करायला?”

सुनेने मान वर केली. डोळे थकलेले, पण आवाज शांत. “आई, आधी माझ्याबरोबर खाली चला. मग काय बोलायचं ते बोला.”

तिने त्यांना दाखल्यांच्या दालनात नेलं. तिथे आठ खिडक्या. पण रांगा तीनच खिडक्यांपुढे, त्याही दाराबाहेर गेलेल्या. बाकीच्या पाच खिडक्यांमागच्या मुली पडद्याकडे बघत हातावर हात ठेवून बसल्या होत्या. एका आजोबांनी भिंतीला टेकून चपला काढल्या होत्या. पाय सुजले होते त्यांचे.

“दाखल्यांचं नवं काम या पाच कॉम्प्युटरांना झेपत नाही,” सून म्हणाली. “प्रत्येकाला ही एकेक पट्टी आणखी लागते. मेमरीची. आणि बाजारात ती मिळतच नाही. जगभर टंचाई आहे. मोठमोठ्या कंपन्या सगळा माल आधीच उचलतात. दुकानदार म्हणतो, तीन महिने थांबा. आणि साहेब म्हणतात, सोमवारपर्यंत चालल्या तर आठही खिडक्या, नाहीतर पाच कायमच्या बंद.”

“मग वरच्या लोकांकडून माग की!”

“मागितलं ना! चौकशीचा कागद पाठवला सगळ्यांना. तुमच्या कॉम्प्युटरला मेमरी पुरते का? सव्वीस जणांपैकी सव्वीस जणांनी लिहिलं, कमी पडते. एक कॉम्प्युटर तर पट्टीसकट जळून वर्षभर बंद आहे, आई. त्याच्या नावानेही कुणीतरी लिहिलंय, कमी पडते!”

आत्याबाईंना हसू आवरेना. पण राग आला आहे हे आठवून त्यांनी ते ओठात दाबलं.

“चुकलंच तुझं,” त्या म्हणाल्या. “जेवणाऱ्याला कधी विचारतात का, किती लागेल म्हणून? तो पहिल्यांदा दुप्पटच मागणार. ताटात किती उरतं ते बघायचं असतं.”

“तेच केलं! मी सगळ्यांना सांगून आठवडाभर मोजलं. कोणाचा कॉम्प्युटर खरंच किती मेमरी वापरतो ते.” सुनेने खिशातून घडी घातलेला कागद काढला. “पाच जणांचं निम्म्यात, दोनातल्या एका पट्टीवर भागतं. पण मागायला गेले की एकच उत्तर. आधी स्वतःच्या घरातलं काढा, मग आमच्याकडे या. म्हणून घरातलं आधी काढलं. तुमच्या लेकाचं चौथाईत भागतं, आई.”

“यंत्राचं काय खरं!” आत्याबाई तोऱ्यात म्हणाल्या. पण मन मागे धावू लागलं. रोज दोनदा त्या लेकाच्या टेबलावर चहा ठेवत. पडद्यावर काय असायचं? एक अर्धवट पत्र आणि कोपऱ्यात गाणं! आणि इथे, या खिडकीवर? एक पान उघडेपर्यंत पोरींचा अख्खा चहा पिऊन व्हायचा. आत्याबाईंना वाटायचं, काय आळशी पोरी आहेत! अरे देवा, आळशी पोरी नव्हत्या तर!

“तुझ्या यादीत वरच्या मजल्यावरचा तो नकाशेवाला आहे का?” त्यांनी एकदम विचारलं.

“नाही. का हो?”

“मग यादी खरी आहे. त्याचा चहा रोज साय धरून परत येतो. मान वर करायला फुरसत नसते बिचाऱ्याला. त्याचं काढलं असतंस तर मीच भांडले असते. बरं, बाकीचे कोण?”

सून वाचत गेली. पहिला मुलगा, दुसरा हिशेबनीस, तिसरा मोठ्या साहेबांचा स्वीय सहायक, चौथा एक कारकून. प्रत्येक नावाला आत्याबाई मान हलवत होत्या. “बरोबर. दिवसभर फोनवर. बरोबर. त्याचा पडदा म्हणजे नुसता आरसा, भांग पाडायला. चार झाले.” आणि अचानक सुनेने कागदाची घडी घातली.

“पाच जण म्हणालीस ना?”

“पाचवी पट्टी मी माझ्या कॉम्प्युटरची काढते.”

“तुझं भागतं निम्म्यात?”

“भागवेन.”

आत्याबाई चौथी पास असल्या तरी एक ते पाच त्यांना मोजता येत होतं. “दाखव तो कागद.”

तेवढ्यात मागून मुलगा आला होता. आईने बायकोची कशी खरडपट्टी काढली, ते बघायला! त्याने कागद घेतला, पाचवी ओळ वाचली आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटला. “आई, ही तू आहेस! कॅन्टीन!”

हो, मंडळी! कुपनं द्यायला मिळालेला कॉम्प्युटर आत्याबाईंनी भरतकाम केलेल्या रुमालाने झाकून ठेवला होता. वर काचेची फुलदाणी. दिवसातून दहा मिनिटं चालायचा. आणि चौकशीचा कागद आला, तेव्हा आत्याबाईंनी गल्ल्यावरच्या माणसाला ऐटीत सांगितलं होतं, “लिही रे, कमी पडते. आपण का मागे राहायचं?”

आत्याबाईंचे कान लाल झाले. क्षणभर दालनातला आवाजसुद्धा त्यांना ऐकू येईना. समोर ते आजोबा सुजलेला पाय दुसऱ्या पायावर घासत उभे होते. आपल्या फुलदाणीखाली यांचा दाखला अडून बसला आहे!

“चला,” त्या म्हणाल्या. “उघडा माझा कॉम्प्युटर! सगळ्यांसमोर उघडा!”

मग काय विचारता! पुढे आत्याबाई, मागे स्क्रू-ड्रायव्हर घेतलेली सून, तिच्या मागे फुलदाणी सांभाळणारा मुलगा. कॅन्टीनमधली माणसं हातातले कप तसेच धरून उभी राहिली. पट्टी निघाली. आत्याबाईंनी ती उंच धरली आणि हिशेबनिसाकडे बघून म्हणाल्या, “माझी दिली. तुझी?” तो उठलाच! स्वीय सहायक तर म्हणाला, “आत्याबाई, तुम्ही वर येऊ नका, मीच आणून देतो.” संध्याकाळच्या आत पाचही पट्ट्या जमल्या. ज्याच्याकडून काय नेलं ते सुनेने कागदावर लिहून त्याच्या हातात दिलं. काम वाढलं की परत मिळेल, या शब्दासकट. पट्ट्या बसवायला वर नेलेले पाचही कॉम्प्युटर मुलाने स्वतः उचलून परत खिडक्यांवर आणले. बायकोवरचा रुसवा कुठल्या कुठे गेला होता.

सोमवारी दहाच्या ठोक्याला आठही खिडक्या उघडल्या. रांग अशी सरकू लागली, जशी नळाला पाण्याची धार यावी! त्या दिवशी हात हलवत परत गेलेल्या आजोबांना बसायला खुर्ची आणून देईपर्यंत त्यांचा दाखला हातात पडलासुद्धा. “झालं? एवढ्यात?” ते पुन्हा पुन्हा विचारत होते आणि खिडकीतली पोर हसत होती. साहेब खाली आले, सुनेची पाठ थोपटायला.

तेवढ्यात आत्याबाई मध्ये आल्या. “थांबा साहेब. हिच्याशी मला बोलायचंय.” सूनबाईने ओढणी सावरली.

“नवऱ्याचं काढलंस, ते योग्य केलंस. आणि मी तुला बोलले, ते चुकलं. हे मी चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांतच मागे घेते. पण तुझीही एक चूक झाली, ती ऐक. टंचाई बाजारात असते तेवढी असतेच, पण ती दुप्पट होते आपण झाकून ठेवतो म्हणून. गरज नसताना धरून ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं ओढणं. हे तुला कळलं होतं, मोजून कळलं होतं! तरी नवऱ्यापाशी धीट झालीस आणि सासूपाशी भ्यालीस. माणूस बघून वाकतो तो नियम कसला गं? यापुढे यादी वाचशील तेव्हा माझी ओळ सगळ्यात आधी वाचायची. मोठ्याने!”