पाठीवर दुसरीचं नाव

लेकीच्या वागण्याला काय म्हणावं तेच मावशींना कळेना. तीन दिवस झाले, ती आपल्याच स्वयंपाकघरात बसून, आपणच खेळलेली मॅच दुसरीला शिकवत होती. तेही चहा पाजून.

"डावीकडून पास आला," लेक सांगत होती. "मी उजव्या पायावर थांबले. समोर त्यांची ती ताडमाड बाई."

"मी उजव्या पायावर थांबले," असं पुटपुटत समोरची वहीत उतरवून घेत होती.

ही समोरची म्हणजे वेणी. लेकीची जुनी मैत्रीण, आता परगावच्या एका शाळेत खेळाच्या बाई. डोक्यावरची वेणी कधीच कापली गेली, केस मानेपर्यंत आले, त्यातले निम्मे पांढरेही झाले, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

मावशी ओट्याशी उभ्या राहून भाजी निवडत होत्या. देठ मोडताना बोटांना जरा जास्तच जोर येत होता.

"लोक ओरडत होते का गं तेव्हा?" वेणीने विचारलं.

"काय की. मला ऐकूच येत नव्हतं."

"तेच लिही ना मग," मावशी म्हणाल्या. "म्हणावं, मी चारशे किलोमीटरवर होते, मला कुठून ऐकू येणार."

"आई."

"मी भाजीशी बोलतेय."

वेणीने मान खाली घातली. पेन मात्र खाली ठेवलं नाही, हे मावशींनी बरोबर टिपलं.

ही टीम मावशींच्या डोळ्यांदेखत जन्मली होती. साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला बसणाऱ्या पोरींनी, त्यांत लेक आणि वेणीही, जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या भिंतीवर लोखंडी रिंग ठोकली आणि खोकी बाजूला सारून बास्केटबॉल खेळायला लागल्या. कारखान्यात हजेरी घेणारे एक गृहस्थ होते, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून शिट्टीसर. ते त्यांना शिकवू लागले. मग बायकांची व्यावसायिक लीग निघाली, मालकांनी टीम घातली आणि पोरींना खेळायचा पगार सुरू झाला. ते ऐकून मावशींच्या नवऱ्याने दोनदा विचारलं होतं, की बरं, खेळून झाल्यावर काम कसलं करायचं.

मावशींना टीमच्या कपड्यांवर नेमलं. धुणं, इस्त्री, जर्सीच्या पाठीवर नाव आणि नंबर शिवणं. शाळेत त्या दुसरीपर्यंत गेलेल्या, तेही पावसाळा सोडून. अक्षरं त्यांना नक्षीसारखी दिसत. शिट्टीसर कागदावर नाव लिहून देत, मावशी त्यावरून कापड कापत आणि टाचत. एकही अक्षर कधी वाकडं गेलं नाही. मोठमोठे शिंपी येऊन शिवण बघून गेले होते.

पहिल्या वर्षी लीगकडे नावं पाठवायच्या दिवशी लेकीचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. डॉक्टरांनी सही दिली नाही, तिचं नाव गेलं नाही. आठ जणींची नावं गेली, आणि आठ ही कमीत कमी. पहिल्या मॅचला चार दिवस उरले असताना वेणीच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती सामान बांधून गेली. राहिल्या सात. सातांची टीम लीग उभीसुद्धा करणार नव्हती. तोवर लेकीचा हात प्लास्टरमधून सुटला होता, पण नावांची यादी बंद झाली होती. शिट्टीसर गोदामात खोक्यावर डोकं धरून बसले होते, पोरी रडत होत्या.

तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "हिला वेणीची जर्सी द्या की. नंबर सगळे बघतात. नाव कोण वाचतंय?"

त्या काळी लीगच्या कागदावर फोटो लागत नसे. नाव, नंबर आणि सही. मावशींनी त्याच संध्याकाळी वेणीचं नाव लेकीच्या मापाच्या जर्सीवर शिवलं. आपण वाचत नाही, तर जगही वाचत नसेल, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. आणि पुढच्या वर्षी आपल्या नावाने खेळेलच की ती.

लेक ते अख्खं वर्ष खेळली. तीनशे अठरा गुण. शेवटच्या मॅचचे शेवटचे दोन गुणही तिचेच. पण उडी मारून खाली आली ती गुडघ्यावर. चषकाच्या फोटोत सातच जणी आहेत, कारण आठवी तेव्हा हॉस्पिटलात होती. गुडघा दोनदा कापला तरी धावण्याजोगा झाला नाही. पुढचं वर्ष आलंच नाही. लेक पुन्हा पॅकिंगला बसली, मग तिथलीच सुपरवायझर झाली. वेणीला तिच्या नव्या गावी विजेत्या टीमची खेळाडू म्हणून शाळेत नोकरी लागली. तिनेही तेव्हा कुणाला नाही म्हटलं नाही.

टीम पुढे नऊ वर्षं हरली, मग दोनदा जिंकली. नवं स्टेडियम झालं, बाहेरून उंच उंच पोरी आल्या. मावशी शिवत राहिल्या. आता चोवीस वर्षांनी मालकांनी टीम दुसऱ्या शहराला विकली होती. महिनाअखेर सगळं बंद. त्याआधी निरोपाचा कार्यक्रम आणि टीमच्या इतिहासाचं पुस्तक. पुस्तकात पहिल्याच पानावर वेणी. तिने आपली आठवण लिहून द्यायची होती, म्हणून ही तीन दिवसांची शिकवणी.

चौथ्या दिवशी फोटो काढायला म्हणून दोघी स्टेडियमवर गेल्या. मावशी त्यांच्याआधी जाऊन पुस्तकवाल्याच्या टेबलासमोर बसल्या होत्या. पोरगा सालस होता. उभा राहिला, पाणी दिलं, ऐकून घेतलं. मधे एकदाही हसला नाही, म्हणून मावशींना धीर आला.

"आजी, याला काही पुरावा?"

"मी शिवलंय ना ते नाव. अजून काय पाहिजे?"

त्याने पहिल्या वर्षाचे गुणतक्ते काढले. पिवळे पडलेले कागद. मावशींनी ओळींवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "हे. हे मी कापलेलं आहे. पहिल्या अक्षराला इथे वळण आहे, तिथे मला दोनदा उसवावं लागलं होतं."

"हे त्यांचंच नाव आहे, आजी. वेणीबाईंचं."

"तेच सांगतेय मी कधीपासून. नाव तिचं, हात हिचे."

पोराने खुर्ची पुढे ओढली. आवाज हळू केला. "तुम्ही म्हणता ते खरं असेल, तर मला लीगला कळवावं लागेल. नाव नोंदवलेलं नसताना खेळाडू उतरवली, म्हणजे त्या वर्षीचं विजेतेपद जातं. तुमच्या मुलीचं नाव येणार नाहीच. बाकीच्या सात जणींचंही जाईल. वेणीबाईंच्या शाळेतही विचारणा होईल."

"मग हिचं नाव कुठे लागणार?"

"कुठेच नाही, आजी."

मावशींनी पदराने तोंड पुसलं. घरून निघताना सगळं पाठ करून आल्या होत्या, पण त्यात हे नव्हतं. चोवीस वर्षं त्यांना वाटत होतं, की नाव नुसतं झाकलं गेलंय, वरचं कापड उसवलं की खालून निघेल.

तेवढ्यात दारात लेक आली, मागे वेणी. पुस्तकवाला दोघींकडे आळीपाळीने बघून अवघडून म्हणाला, "ताई, तुमच्या आई म्हणतात की पहिल्या वर्षी वेणीबाईंच्या जागी तुम्ही खेळलात."

वेणी दाराबाहेरच थांबली. लेक आत आली. नेहमीसारखा सगळा भार डाव्या पायावर टाकून उभी राहिली.

"आईचं वय झालंय," ती म्हणाली. "किती जर्सी गेल्या तिच्या हातून, मोजदाद नाही. कधी कधी गोंधळ होतो तिचा."

पोराच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. "होतं असं," तो म्हणाला. "माझी आजीपण अशीच."

मावशींनी तोंड उघडलं. ज्या जिभेला सासू घाबरली, मुकादम घाबरला, दोन मॅनेजर घाबरले, ती आता एकेक वाक्य जोखू लागली. गुडघ्यावरचा व्रण दाखव म्हणावं, तर व्रण नाव सांगत नाही. त्या सात जणींपैकी कुणाला बोलवावं, तर ती आपलं पदक पुढे करून नाहीच म्हणणार. शिट्टीसर वारलेले. आणि बोलल्या असत्या तरी काय? खरं ठरलं तर सगळ्यांचं जाणार, खोटं ठरलं तर आपण भ्रमिष्ट. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि पूर्ण प्यायल्या, तहान नसताना.

बाहेरच्या लांबलचक बोळात वेणीने त्यांना गाठलं. डोळे भरले होते. "मावशी, मी सांगते त्याला. आत्ता जाऊन सांगते."

"जा."

वेणी उभी राहिली. मावशी थांबल्या. लेकही थांबली. आत पुस्तकवाला कुणाशी तरी फोनवर बोलत होता, ते बोलून झालं, तरी वेणीचा पाय उचलला नाही.

"राहू दे," लेक तिला म्हणाली. "फोटोवाला वाट बघतोय."

वेणी गेली. मावशी तिथूनच जिना उतरून धुण्याच्या खोलीत आल्या. या हंगामाच्या जर्सी वाळून तारेवर लटकत होत्या, सगळ्यांच्या पाठी बाहेर. आता नावं छापून येत, शिवायला काही उरलं नव्हतं. त्यांनी एक ओढून घडी घालायला घेतली. लेक मागोमाग आली, स्टुलावर बसली आणि पाय लांब केला.

"रागावलीस?" तिने विचारलं. "बोल ना काहीतरी. तू गप्प बसलीस की मला भीती वाटते."

मावशींनी ती घडी मोडून पुन्हा घातली. मग लेकीकडे न बघता बोलल्या, एकेक शब्द सुटा करून.

"टीमच्या पोरीने करावं तसंच केलंस तू. सात जणींचं राखलंस, त्या रडकीची नोकरी राखलीस. पण आईला चारचौघांत वेडी ठरवलंस, ते मला पटलेलं नाही, आणि मरेपर्यंत पटणार नाही. त्या जर्सीवर नाव मी शिवलं होतं, म्हणून मला बोलायला तोंड नाही. तरी बोलतेय. चुकलीस तू."